लावणीचा पहिला दिवस

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. आमच्या गावात आता सावड उरलेली नाही, म्हणजे एकमेकांच्या शेतात आळीपाळीने राबून भाताची लावणी उरकायची रीत. ती कुणामुळे मोडली असं निघालं, की लोक माझ्या पुतण्याच्या बायकोचं नाव घेतात. मी तेव्हा गप्प बसतो.

सावडीचा म्होरक्या मी होतो, माझ्या आधी माझे वडील. कुणाच्या शेतात जायचं ते मी देवळापाशी उभा राहून सांगायचो आणि सगळे निघायचे. पहिला दिवस म्होरक्याच्या शेताचा, हा रिवाज. पुढे पोरं खालापूरकडच्या कारखान्यांत लागली. कुणाची रात्रपाळी, कुणाची सुट्टी मंगळवारी. माझ्या हाकेला म्हातारी माणसंच येऊ लागली.

पुतण्याही पाळ्यांत अडकलेला, शेत सून बघायची. तिने मोबाईलवर गट केला, प्रत्येकाची सुट्टी विचारली, कुणाचं रोप कधी तयार होतंय ते पाहिलं आणि क्रम लावला. बैठकीत मी मान डोलावली. पण पहिला दिवस तिच्या शेताला होता. ते उतारावर, तिथं पाणी टिकत नाही, आणि त्या दिवशी बहुतेक पोरांना सुट्टी होती. माझं शेत बरंच मागे. कारण बरोबर होतं. ते मला तेव्हाही कळत होतं.

त्या सकाळी मी देवळापाशी जाऊन उभा राहिलो. काही बोललो नाही, बोलायची गरजच नव्हती. तिच्या शेताकडे निघालेली माणसं मला बघून थांबली. एक जण हळूच म्हणाला, "म्हातारा उभा हाय रं. आधी त्याचं उरकू." मी माझ्या शेताच्या वाटेला लागलो, सगळे मागे आले. रात्रपाळी करून न झोपता आलेली पोरंसुद्धा.

ती बांधावर रोपाच्या जुड्या मांडून वाट बघत बसली होती. दुसऱ्या दिवशी पोरं कामावर गेली, पावसाने उघडीप दिली, तिच्या खाचरातला चिखल आवळला. रोपं पिवळी पडली. मोबाईलवर लावणी होत नाही, असं गावाने ठरवून टाकलं. पारावर कुणीतरी तिला म्हणालं, "सूनबाई, आता भातबी मोबाईलवरच शिजव." सगळे हसले. मीही हसलो. ती फक्त माझ्याकडे बघत होती.

तिने गट बंद केला. पुढच्या वर्षी सुट्ट्या जुळवणारं कुणी नव्हतं; मी देवळापाशी उभा राहिलो, तर कुणी फिरकलंच नाही. ज्याने त्याने मजूर आणले, काहींनी शेतं पडीक ठेवली.

मागच्या उन्हाळ्यात कळंबच्या एका रिसॉर्टवर नात्यातली हळद होती. सून तिथं कामाला असते हे माहीत होतं. सगळी माणसं तिच्या सांगण्यावर चालतात, हे मात्र तिथं दिसलं. एका मुलीला घरी लवकर जायचं होतं. हिने फोनवर दोघींच्या पाळ्या बदलल्या, आवाज न चढवता. मग मला सावलीत खुर्ची दिली, चहा आणला आणि क्षणभर थांबली.

"काका, काय बोलायचं होतं का?"

"नाय गं," मी म्हणालो. "चहा बरा झालाय."

कप घेऊन ती गेली. मला म्हणायचं होतं, सूनबाई, तुझा क्रम बरोबर होता. तो मी मोडला, आणि गाव तुला हसलं तेव्हा मीही हसलो. मला माफ कर.