मातीचा कोपरा

जुन्नरच्या आमच्या दफनभूमीत माती अशी एकाच कोपऱ्यात आहे. बाकी सगळा कातळ. आमची ख्रिस्ती मंडळी वीसेक घरांची. म्हणून कोणी गेले की प्रत्येक घरातून एक पुरुष पहार घेऊन जातो आणि कबर खोदतो. ही रीत माझ्या वडिलांच्याही आधीची.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ओझरच्या रस्त्याला प्लॉट पाडून विकण्यात मला बरकत आली. बंगला झाला, गाडी झाली, आणि मग मरणाची भीती वाटू लागली. भीतीवर मला ठाऊक असलेला एकच उपाय मी केला: जागा घेतली. मंडळीच्या पंचांना भरघोस देणगी दिली आणि मातीच्या कोपऱ्यात स्वतःसाठी व पत्नीसाठी पक्की जोडकबर बांधून घेतली, वर काळी फरशी. यालाच मी परलोकाची तयारी समजत होतो.

"घरभरणी कधी, राव?" मंडळीतल्या म्हाताऱ्या सुतारकाकांनी विचारले. सगळे हसले. मीही हसलो.

लहानपणी मला शास्त्रपाठ शिकवणाऱ्या बाई उपासनेनंतर काठी टेकत कबर पाहायला आल्या. आंबेगावच्या वाड्यावस्त्यांवर पायी फिरून बायकांना अक्षरओळख करून देण्यात त्यांचा जन्म गेला होता. फरशीवरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "लई गुळगुळीत झालीया रं. आत वारा लागंल का पण?"

दोन-तीन वर्षांनी, भर श्रावणात, बाई वारल्या. मागे कोणी नव्हते. खोलीतली ट्रंक उघडली तर रिकामी. लुगडी, भांडी त्यांनी आजारपणातच वाटून टाकली होती. पाळक आणि सुतारकाका माझ्याकडे आले.

"मातीत आता तुमचीच जागा ऱ्हायलीय, भाऊ," काका म्हणाले. "बाईंना तिथं ठिवू. तुमची येळ येईल तवा आमी कातळ फोडू, शबूद देतो."

मी नाही म्हटले नाही. "घरात विचारून सांगतो," म्हणालो.

पत्नी दारातच उभी होती. "विचारायचं काय त्यात? द्या की."

तरी मी हो म्हटले नाही. पाळकांनी छत्री उघडली आणि दोघे निघाले.

आम्ही दिवसभर कातळ फोडला. मीही पहार धरली. खड्डा मांडीच्या वर गेला नाही, आणि त्यात पाणी भरत होते. ते घमेल्याने उपसून पेटी खाली सोडावी लागली. मूठमातीला माती नव्हती, दगडाच्या चिपऱ्या होत्या. त्या फळीवर पडताना झालेला आवाज मी कधीही विसरू शकलेलो नाही.

त्याच आठवड्यात मी पंचांना लिहून दिले: ती जागा मंडळीची, ज्याला लागेल त्याला द्यावी. पुढच्या वर्षी सुतारकाका गेले. मी त्यांच्या थोरल्या मुलाकडे जाऊन विनवले.

"नको, भाऊ," तो मऊपणाने म्हणाला. "आबा सांगून गेलेत, बाईंच्या शेजारी. मी तरी काय करू?"

त्यानंतरही कोणी ती जागा घेतली नाही. माझ्याशी कोणी वाकडे बोलत नाही. प्रभुभोजनाला शेजारी जागा करून देतात. मी क्षमा मागतो, आणि देव ती देतो असा माझा विश्वास आहे. पण योग्य वेळी न दिलेले नंतर कोणी घेतच नाही, तेव्हा माणसाने काय करावे, हे मला गुडघे टेकूनही उमगलेले नाही.