अर्ध्यावर बंद केलेला टीव्ही

माझ्या नवऱ्याचं नाव प्रेमानंद. माझ्या वयाच्या बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत, 'पायलचे पप्पा' म्हणून वेळ निभावतात. मी मुद्दाम घेते, चारचौघांत मोठ्यानं घेते, कारण गावानं छत्तीस वर्षं ते घेतलंच नाही. बीबी गावाकडच्या आमच्या खेड्यात त्यांना 'फिरकी' म्हणतात. चिखलीत राहायला येऊन बावीस वर्षं झाली, पण ते नावही आमच्या मागं एसटीत बसून आलं. किराणावाला फिरकी म्हणतो, गवंडी फिरकी म्हणतात, गॅसवाला दारात "फिरकीकाका, सिलिंडर!" म्हणून ओरडतो. लोकांना वाटतं लाडाचं नाव आहे. लाडाचं म्हणे! ज्यानं ते ठेवलं त्याचा मुडदा बशिवला.

त्याचं नाव नारायणराव. गावात सगळ्यांत जास्त जमीन त्याची. त्याला अहो-जाहो करायला माझी जीभ वळत नाही, कुणाला राग येत असेल तर येऊ द्या.

प्रेमानंद फरशी घासतात. मोझॅक म्हणा, मार्बल म्हणा, कोटा म्हणा, घासून पॉलिश करायचं हेच काम जन्मभर केलं. अठरा वर्षांचे होते तेव्हा नारायणरावानं नवं घर बांधलं, आणि दिवाणखान्याची मोझॅक घासायला यांना लावलं. अठरा दिवस लागले. मधलं मशीननं, कोपरे हातानं, गुडघ्यांवर बसून. शेवटच्या दिवशी, रविवारी, पावडरचा हात फिरला आणि फरशीत खिडकी दिसायला लागली. डाग पडू नयेत म्हणून यांनी पायांना जुन्या धोतराच्या चिंध्या बांधलेल्या.

त्याच दिवशी त्या घरात कलर टीव्ही आला, गावातला पहिला. नारायणरावाचा थोरला मुलगा, कारभारी नावाचा, अँटेना फिरवायला गच्चीवर चढला आणि खाली यांना टीव्हीपुढं उभं केलं. वरून त्यानं "आलं का?" विचारायचं, खालून यांनी "आलं" नाहीतर "गेलं" सांगायचं. आधी नुसत्या मुंग्या. मग अचानक चित्र लागलं. बर्फाचं पांढरं मैदान, आणि त्यावर एकटा एक माणूस, पायात पात्यांचे बूट. हिवाळ्यातलं ऑलिंपिक होतं ते, हे आम्हाला फार पुढं कळलं.

"आलं!" हे ओरडले. मग यांना काही ऐकूच आलं नाही.

तो माणूस एका पायावर लांबच लांब वळण घेत गेला. मग उडी मारली, खाली येताना चुकला, हात बर्फावर टेकला. पडतो की काय असं वाटलं, तर उठला आणि पुढं निघाला, जसं काही झालंच नाही. इकडं आमच्या माणसाचे पाय आपोआप चालायला लागले. स्वतः चकाकवलेल्या फरशीवर हेही घसरत गेले, वळले, गरकन फिरले. वर कारभारी बोंबलतोय, "आलं का बे? सांग नं बे!" आणि खाली हे हात पसरून फिरताहेत.

तेवढ्यात नारायणराव मेहकरचे पाहुणे घेऊन आत आला.

"बंद कर रे ते," त्यानं कुणाला तरी सांगितलं. टीव्ही बंद झाला. मग यांच्याकडं वळून म्हणाला, "आता तू दाखव. फिर." पाहुणे सोफ्यावर बसले. हे फिरले. "अजून." पुन्हा फिरले. पाहुण्यांनी टाळ्यांचा ठेका धरला, बाया आतून डोकावल्या. "थांबू नको बे, फिरकी, अजून!" अकराव्या की बाराव्या फेरीला भोवळ येऊन हे डाव्या हातावर पडले. मनगट मोडलं. आणि हसू काय फुटलं म्हणता सगळ्यांना!

इथवरही मी एखाद्या वेळेस सोडून दिलं असतं. पण यांना अंगणात काढल्यावर त्या लोकांनी फरशी धुतली. अठरा दिवस हा माणूस त्या फरशीवर रांगला, त्याचा घाम तिच्यात मुरला, तेव्हा बाटली नाही. नाचला तेव्हा बाटली. हे सुजलेला हात धरून अंगणात उभे होते, आणि मोरीतून आलेलं पाणी यांच्या पायांपर्यंत वाहत आलं. माझ्या सासूबाई, सिंधूताई, मरेपर्यंत ही गोष्ट सांगताना त्या पाण्याशी आल्या की थांबायच्या.

मनगट वाकडंच जुळलं. मशीनचा दांडा हे आजही उजव्या हातानं आणि डाव्या कोपरानं धरतात. पण एक सवय लागली. कुठलीही फरशी पुरी झाली की मालकाला बाहेर उभं करायचं, मोजे घालायचे आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एका पायावर घसरत जायचं. जिथं पाय अडखळेल तिथं खडूनं खूण, तिथं पुन्हा दगड. जिल्ह्यात यांच्या हाताची फरशी लोक ओळखतात ती यामुळं.

मी लग्न होऊन आले तेव्हापासून मला एकच म्हणत आले, "महामाया, त्याचं पुढं काय झालं असन? उठला तं खरा, पण पुढं?" त्या बर्फावरच्या माणसाचं. मनगटाचं नाही, नारायणरावाचं नाही. मला इतका राग यायचा! म्हटलं, "तुम्हाले त्या गोऱ्याचीच पडली हाये. या म्हाताऱ्याचं काय करायचं ते बोला." हे हसायचे. सूड माझ्याच वाट्याला आला, आणि मी तो नीट सांभाळला.

गेल्या दिवाळीत आमची पायल घरी आली. ती नर्स आहे, जालन्याला. बापानं पुन्हा तेच पुराण लावलं, तेव्हा तिनं फोन काढला. तीन दिवस बापलेक शोधत होते. "कपडे कोणते होते, पप्पा?" "निळे असतीन. नाई तं काळे. रंग फाटून राह्यला होता बाई." एकेक माणूस यायचा, हे मान हलवायचे, "हा नाई." तिसऱ्या दिवशी एकाचा हात बर्फावर टेकला आणि हे खाटेवरून उठूनच उभे राहिले.

"हाच! पायल, हाच हाये!"

पिठाच्या डब्याला फोन टेकवून आम्ही तिघं बसलो. तो उठला, पुढं निघाला, आणि थोड्या वेळानं हे म्हणाले, "थांबव. इथवर पाह्यलं होतं." बाहेर जाऊन तांब्याभर पाणी प्यायले. आत आले. "लाव."

खोटं कशाला बोलू, मला त्यातलं काही कळत नाही, पण मीही डोळे मिटले नाहीत. जी उडी चुकली होती तीच त्यानं पुन्हा मारली. तीच! आणि अशी उतरली की पायाचा आवाज नाही. मग तो वाकून, हात जमिनीजवळ नेत, अख्ख्या मैदानाला वेढा घालून आला. घाई नाही, भीती नाही. हे फोनच्या इतके जवळ गेले की आम्हाला काही दिसेना. "लेव्हल पाह्य," पुटपुटले. "एवढं मोठं मैदान, कुठीच पाय अडून नाई राह्यला. ज्यानं हा बर्फ घासला त्याले सलाम आहे." मला वाटलं होतं शेवटी तो भोवऱ्यासारखा फिरेल. नाही. एकदम थांबला, पंचांसमोर सरळ उभा राहिला. छाती वरखाली होत होती आणि डोळे त्यांच्यावर रोखलेले. वाकला नाही.

"मग? पहिला आला?" मी विचारलं.

"चौथा," पायलनं वाचून सांगितलं.

"त्या पंचांचं वाटोळं होवो."

हे मात्र रडत होते आणि हसत होते. त्या दिवाळीत ते आम्ही किती वेळा पाहिलं त्याचा हिशेब नाही. आणि दर वेळी 'इथवर' आलं की माझ्या पोटात नारायणराव उठायचा. छत्तीस वर्षं एका माणसाचं शेवट बघायचं सुख त्यानं बंद करून ठेवलं होतं, बटण दाबून.

महिनाभरानं दारात मोठी गाडी थांबली. "फिरकीकाका आहेत का?" कारभारीचा मुलगा, ऋत्विक. त्यांनी चिखली-मेहकर रोडवर मंगल कार्यालय बांधलं होतं. मार्बलचा मोठा हॉल, पण आधीच्या कारागिरांचं पॉलिश ठिगळं लावल्यासारखं आलं आणि दहा दिवसांवर पहिलं लग्न. ज्याला विचारावं तो यांचंच नाव सांगे. पोरगा बोलायला गोड, त्याला मागचं काही ठाऊक नव्हतं.

मी त्याला चपलेसकट बाहेर काढणार होते. पण हे म्हणाले, "करतो. एकच अट हाये. काम झालं का फरशी मी माह्या पद्धतीनं तपासतो, गाणं लावून. त्या टायमाले तुह्या आजोबाले मधात खुर्चीवर बसवायचं. अन् गाणं संपेलोक कोणी बंद करायचं नाई."

"बस, एवढंच?" ऋत्विक हसला.

तो गेल्यावर मी यांच्याकडं बघतच राहिले. म्हटलं, बाई गं, या माणसात राग होता तर!

आठ दिवस हे आणि दोन गडी तिथं राबले. नवव्या दिवशी सकाळी मी गेले. पाण्याच्या तळ्यावर पाय ठेवतोय असं वाटावं अशी फरशी झाली होती, मेणाचा शेवटचा हात ताजा होता. भिंतीकडेनं घरची माणसं, गवंडी, मंडपवाले, सगळे चपला काढून उभे. नारायणरावाला नातवानं दंडाला धरून आणलं आणि मधल्या खुर्चीत बसवलं. पंच्याऐंशीचा असेल, पण नजर तीच. यांना बघून म्हणाला, "हा तं फिरकी हाये नं बे! अजून फिरते का?"

भिंतीकडं हसू पसरलं. मी फोनवर ते लावलं. पायलनं दिलेला स्पीकर, आवाजाचा डबा, माझ्या हातात होता. बर्फावरच्या त्या माणसामागं वाजत होतं तेच वाजवणं सुरू झालं.

चोपन्न वर्षांचा माणूस, गुडघ्यांत पाणी झालेला. हा काय उड्या मारणार? पण मोज्यांवर एका पायानं हे जे निघाले, भिंतीपासून भिंतीपर्यंत, वळून म्हाताऱ्याच्या खुर्चीभोवती, हात फरशीला लागेल इतके खाली वाकून, तसं हसू थांबलं. मग यांनी मुद्दाम तोल सोडला आणि वाकडा हात फरशीवर टेकवला. तोच हात. नारायणरावाच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकलं. ओळखलं त्यानं.

"बंद कर रे ते," तो म्हणाला.

ऋत्विक माझ्याकडं आला, त्याचा हात डब्याकडं गेला. "हात लावू नको बाळा," मी म्हटलं. माझ्या आवाजात काय होतं ठाऊक नाही, पोरगा जागीच थांबला.

"बंद कर म्हनलं नं!" म्हाताऱ्यानं काठी आपटली. उठायला गेला, तर काठी गुळगुळीत फरशीवरून सरकली आणि तो परत खुर्चीत बसला. आता त्याला जाता येत नव्हतं. प्रेमानंद त्याच्याभोवती फिरत होते, पुन्हा पुन्हा, आणि तो मान वळवून, चुकवून, शेवटी बघत होता. शेवटपर्यंत बघितलं त्यानं. वाजवणं संपलं तेव्हा हे त्याच्यासमोर सरळ उभे होते. छाती भात्यासारखी हलत होती. वाकले नाहीत.

एका गवंड्यानं टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवल्या. नारायणरावानं हात पुढं केला. "फिरकी, धर मले. बाहेर ने."

"नाव घ्या आधी," मी भिंतीकडून म्हटलं.

तो माझ्याकडं बघत राहिला. मग यांच्याकडं. त्याला नाव ठाऊकच नव्हतं हो! ज्या माणसाचं हाड मोडलं त्याचं नाव त्याला छत्तीस वर्षांत कधी लागलंच नव्हतं. शेवटी नातवाला विचारलं. ऋत्विकनं कामाच्या पावतीवर वाचलं होतं. मान खाली घालून म्हणाला, "प्रेमानंद."

"प्रेमानंद," म्हातारा म्हणाला. "हात दे."

आणि या देवमाणसानं दिला. वाकडाच दिला. एकेक पाऊल टाकत त्याला दाराकडं नेऊ लागले. लोकांना वाटलं झालं, मिटलं. असं कसं मिटेल?

कोपऱ्यात बादली होती. मी फडकं पिळलं, खाली बसले, आणि नारायणरावाची पावलं जिथं जिथं पडत होती तिथं तिथं, त्याच्या मागोमाग, फरशी धुवत निघाले. फडक्याचा आवाज तेवढा येत होता. म्हाताऱ्यानं एकदा मागं वळून पाहिलं, मग नाही पाहिलं.

"महामाया, पाणी काऊन घेतलं? मेण ताजं हाये, डाग पडतीन," प्रेमानंद दारातून म्हणाले.

"पडू द्या. उद्या पुन्हा घासा."

दारापर्यंत पुसत गेले. तो पायऱ्यांखाली गाडीची वाट बघत उभा होता. उरलेली बादली मी वरच्या पायरीवर ओतली. पाणी सावकाश खाली गेलं आणि त्याच्या पायांपर्यंत पोचलं.