जळूची पूजा

निवृत्त पोलीस अधिकाऱ्याने जुन्या प्रकरणाबद्दल लिहायला घेतले की पहिल्या वाक्यात त्याच्या डोळ्यांसमोर सगळे जसेच्या तसे उभे राहावे लागते. माझ्या डोळ्यांसमोर सगळे उभे राहत नाही. पेडण्यातल्या त्या प्रकरणातली मला सर्वांत स्पष्ट आठवते ती एका रबरी पॅडच्या कडेखाली चिकटलेली झेंडूची पाकळी. बाकीचे तिच्यामागून येते.

गोवा राज्य झाल्यानंतर भरती झालेल्या पहिल्या काही तुकड्यांतला मी. आमच्या ठाण्यात लोक फिर्याद कोकणीत किंवा मालवणीत सांगत, मी ती मराठीत टिपून घेई आणि कागदावर ती इंग्रजीत चढे. भाषेवरून बाहेर मोर्चे निघत, पण या तीन भाषांच्या प्रवासात आमच्याकडून कधी चोर निसटल्याचे मला आठवत नाही.

हे प्रकरण माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांतले. मोपाच्या पठारावर विमानतळाचे काम सुरू झाले आणि आजूबाजूच्या काजूच्या बागांतून मोठमोठ्या इमारती डोके वर काढू लागल्या. त्यांतल्या एका हॉटेलच्या दर्शनी भागाला जमिनीपासून छतापर्यंत काचा बसवायच्या होत्या. एकेक काच चार माणसांनाही पेलणार नाही इतकी जड. ती उचलायला बॅटरीवर चालणारा व्हॅक्यूम लिफ्टर होता. एका चौकटीवर जेवणाच्या ताटाएवढे रबरी पॅड, वर पंप, बॅटरी आणि दाब दाखवणारा काटा. पॅड काचेवर टेकवले की पंप आतली हवा ओढून घेतो आणि पॅड काचेला घट्ट धरतात. मग सगळे क्रेनने उचलायचे. काटा हिरव्या पट्ट्यात असेपर्यंत काळजी नाही. तो खाली आला तर भोंगा वाजतो. कामगारांनी या यंत्राचे नाव जळू ठेवले होते. परदेशी माहितीपत्रकातल्या नावापेक्षा ते पुष्कळ बरे होते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात फोन आला. जळूने काच सोडली होती. काच फार उंचावर नव्हती, पण तिची कड धरून तिला चौकटीकडे वळवणाऱ्या माणसाच्या पायावर ती उतरली. आम्ही पोचलो तेव्हा त्याला म्हापशाच्या इस्पितळात नेले होते. जमिनीवर काचेचा सडा होता आणि जळू क्रेनला लटकत होती, गळ्यात कालची झेंडूची माळ घालून.

साईटचा मॅनेजर आमची वाटच पाहत होता. त्याने खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या, चहा तयार होता आणि निष्कर्षही.

"साहेब, मानवी चूक. मशीन परदेशी आहे, त्यात दोष निघणं शक्य नाही. ऑपरेटरनं काच सोडण्याचं बटण दाबलं. कालचा दसरा, त्याची उतरली नसेल."

परदेशी यंत्र चुकत नाही ही श्रद्धा मी बऱ्याच सुशिक्षित लोकांत पाहिली आहे. यंत्र चालवणारा सिंधुदुर्गातला असला की ती आणखी दृढ होते.

ऑपरेटर एका लाकडी खोक्यावर बसला होता. तिशी ओलांडलेला, अंगाने मजबूत माणूस. जखमी झालेला त्याच्या सख्ख्या बहिणीचा नवरा होता. त्यानेच भावोजींना या कामावर आणले होते. मी काही विचारण्याआधीच तो म्हणाला, "चूक माजी, साहेब. बटन दाबला गेला. लिवून घेवा."

मी लिहून घेतले नाही. पोलिसासमोर दिलेली कबुली न्यायालयात चालत नाही. हा कायदा ज्याने केला त्याला पोलीस आणि माणसे दोन्ही ठाऊक असावीत. शिवाय न विचारता मिळालेल्या कबुलीबद्दल मला नेहमीच संशय वाटतो. मी पंचनामा केला, जळू आहे त्या स्थितीत सील केली आणि ऑपरेटरला वैद्यकीय तपासणीला पाठवले. डॉक्टरांना दारूचा मागमूस आढळला नाही. मॅनेजर म्हणाला, मग झोप झाली नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात पोदेर आला. आमच्याकडे पाववाल्याला पोदेर म्हणतात. सायकलचा पोंपों वाजवत तो आधी त्या साईटवर पाव टाकायचा आणि मग आमच्याकडे यायचा. पाव मोजता मोजता तो म्हणाला, "साहेब, तुमी धरला तो मनीस पियेना. काल सकाळीं म्हजेकडेन पाव घेतले, सारको उलयतालो."

"नीट बोलत होता म्हणतोस, पण तो आत काय करतो तुला काय माहीत?" मी विचारले.

"आतलें म्हाका खबर ना. पूण ती मशीन रातभर देवळाभशेन झगझगताली. हांव फांतोडेर वतालो तेन्नाय माळ पेटिल्लीच."

पहाटेपर्यंत यंत्रावर दिव्यांची माळ पेटलेली होती, एवढेच त्याचे सांगणे. मी ऐकले आणि पाव घेतला. त्या वाक्याचा उपयोग मला तेव्हा कळला नाही. आमच्या हवालदार बाईंना कळला. त्या डिचोलीच्या. कमी बोलत, आणि बोलल्या की आम्हाला काहीतरी पुन्हा करावे लागे.

दुपारी ऑपरेटरची बहीण आली. चौकशीसाठी ठाण्यात थांबवलेल्या भावासाठी डबा आणला होता. मी दोघांना समोरासमोर बसवले. तो मान खाली घालून कानाची पाळी चोळत होता. ती थोडा वेळ बघत राहिली आणि मग माझ्याकडे वळली.

"साहेब, ह्यो खोटा बोलता तेवा कान धरता. ल्हानपणापासून. आज येयल्यापासून मी बघतंय, कान सोडूकच नाय."

"ताये, तू घराक जा," तो म्हणाला.

"जातंय. पण बरो झालो काय माजो घोव घराक येतलो. त्येच्या बाजूक ह्यो जेवूक बसतलो काय नाय, ता माका कळाक व्हया. खऱ्यानच ह्येच्या हातान झाला असात तर मी सोसतंय. खोट्यासाठी माजा माहेर तोडू नकात."

कलमे, जामीन, नुकसानभरपाई यांची मला सवय होती. एका बाईचे माहेर तपासावर अवलंबून असल्याचे इतक्या सरळ शब्दांत मला कोणी सांगितले नव्हते.

मी ऑपरेटरला साईटवर नेले. पंचांसमोर सील काढले आणि म्हणालो, "बटण कसं दाबलं गेलं, ते दाखव."

त्याने उजव्या हाताचा अंगठा हिरव्या बटणावर ठेवला. काही झाले नाही. हवालदार बाई वाकून बघत होत्या. त्या बटणाशेजारी एक कडी होती. ती डाव्या हाताने ओढून धरल्याशिवाय बटण आत जातच नव्हते. यंत्र बनवणाऱ्यांना माणसाच्या हाताची ओळख होती. चुकून धक्का लागून काच सुटू नये म्हणून त्यांनी दोन्ही हात गुंतवले होते.

क्रेनवाल्याने आदल्या दिवशीच सांगितले होते की काच पडली तेव्हा ऑपरेटर जळूकडे पाठ करून, एक हात वर करून त्याला खुणा करत होता.

"तुझा एक हात वर होता," मी म्हणालो. "मग कडी कोणी ओढली?"

त्याचा हात पुन्हा कानाकडे गेला. मग कानावरचा हात खाली आला.

"एका हातान ता दाबूकच येणा नाय, साहेब. मॅनेजर म्हणालो, दोष मशिनीर गेलो तर सगळा सील होतला, भावोजीक कोण बघूचो नाय. तू बटन म्हण, मी त्येंका बऱ्या हास्पिटलात ठेवतंय."

मग तो बोलायला लागला तो जळूबद्दल, आणि त्या बोलण्यात अभिमान होता. रोज सकाळी तो पॅड साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसे, कडेवरून बोट फिरवून कुठे चीर आहे का पाही. पेट्रोल किंवा तेल रबराजवळ येऊ देत नसे. मग जळू एका कोऱ्या काचेला चिकटवून पंप बंद करी आणि काटा जागेवर राहतो का ते बघत उभा राही. काम संपले की चार्जर लावून जाई. ती सकाळ मात्र वेगळी होती. हॉटेलचे मालक पाहुण्यांना घेऊन येणार होते, सोबत फोटोवाला. भावोजी म्हणाले होते, आधी चाचणी घे. मॅनेजर म्हणाला होता, पॅड पुसू नकोस, काचेला टेकवून बघूही नकोस, पूजेचे कुंकू फिसकटेल. थेट पाहुण्यांसमोर काच उचल.

खंडेनवमीला किंवा दसऱ्याला यंत्रांची पूजा होते, आमच्या ठाण्यात शस्त्रांचीही होते. त्यात माझी काही तक्रार नाही. पण रबरावर कोरडे कुंकू टिकत नाही, म्हणून इथे ते खोबरेल तेलात कालवून प्रत्येक पॅडवर स्वस्तिक काढले होते. चाचणीसाठी फॅक्टरी इन्स्पेक्टर आणि यंत्राच्या एजन्सीचा मेकॅनिक आले, तेव्हा मेकॅनिकने एका पॅडची कड उचलली. खाली तेलाचा थर होता आणि त्यात ती पाकळी. हवा आत शिरायला तेवढी वाट पुरेशी होती.

"पण हवा शिरली तर पंप पुन्हा सुरू होतो," मेकॅनिक म्हणाला. "त्यासाठीच बॅटरी आहे. आणि तेही नाही जमलं तर भोंगा ओरडतो."

भोंगा ओरडला नव्हता. झेंडूची माळ बाजूला केल्यावर त्याच्या तोंडात कापूस आणि वर चिकटपट्टी सापडली. पूजेच्या वेळी दिवे लुकलुकावेत म्हणून यंत्र चालू ठेवले होते. पॅड रिकामे असल्यामुळे ते सारखे ओरडत होते आणि मॅनेजरच्या भाषणात अडथळा येत होता. यंत्राच्या पूजेत यंत्रानेच बोलू नये असा तो बंदोबस्त. काटा समोर उभ्या असलेल्या माणसासाठी असतो. भोंगा पाठमोऱ्या माणसासाठी असतो.

"आणि बॅटरी?" मी मॅनेजरला विचारले.

"रात्रभर चार्जिंगला होती, साहेब. सकाळी प्लग जागेवर होता. ऑपरेटरलाच विचारा."

ऑपरेटरने मान हलवली. प्लग जागेवर होता, दिवाही हिरवा होता.

तेव्हा हवालदार बाई भिंतीजवळून म्हणाल्या, "सर, हांगा बोर्डाक पिन एकूच. रातभर माळ पेटिल्ली जाल्यार मशीन खंय लायल्ली?"

तिथे खरोखर एकच सॉकेट होते. पोदेराचे वाक्य मला त्या क्षणी आठवले. हवालदार बाईंना ते ऐकल्यापासून आठवत असावे.

मॅनेजर म्हणाला की त्याला वायरिंगमधले काही कळत नाही. ज्याने माळ लावली तो इलेक्ट्रिशियन शेजारीच उभा होता. तो बेळगावकडचा. "सर, तुम्हीच म्हणाला होता की नाही," तो शांतपणे म्हणाला, "चार्जर काढ, माळ लाव, सकाळी परत लाव म्हणून." सकाळी तासभर चार्ज झालेल्या बॅटरीचा दिवा हिरवा दिसतो, पंपाचा भार पडला की ती बसते, हे मेकॅनिकने आम्हाला समजावले. म्हणून बॅटरी पंप चालवून तपासायची असते.

आम्ही तेवढ्यावर थांबलो नाही. पंचांसमोर तसेच तेलातले कुंकू पॅडना लावले, रात्रभर उपाशी ठेवलेली बॅटरी तासभर चार्ज केली, भोंग्यात कापूस घातला आणि तशीच एक काच वाळूच्या पोत्यांवर जेमतेम वीतभर उचलली. सगळे दूर उभे राहिलो. पंप दोनदा घुरघुरला, तिसऱ्यांदा नुसता कण्हला. काटा खाली सरकत गेला आणि काच एकही आवाज न करता पोत्यांवर जाऊन बसली. मग पॅड पुसून, पूर्ण चार्ज केलेल्या बॅटरीवर तीच काच उचलली. आम्ही चहा पिऊन आलो तरी ती तिथेच लटकत होती.

मॅनेजर शेवटी म्हणाला, "साहेब, देवाचं काम होतं. त्यात तुम्ही गुन्हा शोधणार?"

"देवानं चार्जर काढायला सांगितलं नव्हतं," मी म्हणालो.

आरोपपत्रात ऑपरेटरचे नाव आरोपी म्हणून गेले नाही, साक्षीदार म्हणून गेले. त्या आरोपपत्रात कोणाचीही कबुली नव्हती. पाकळी होती, कापूस होता, एकच सॉकेट होते आणि वाळूवर उतरलेली काच होती. मॅनेजरला शिक्षा झाली. नोकरीत मला एक-दोन पदके मिळाली, ती कुठल्या कपाटात आहेत हे पत्नीला विचारावे लागेल. हे आरोपपत्र मात्र मला आजही तोंडपाठ आहे आणि त्याचा अभिमान मी लपवत नाही. हवालदार बाईंचे नाव मी बक्षिसासाठी पाठवले. ते मंजूर झाले. सरकारी कामात अशाही गोष्टी घडतात.

त्या प्रकरणापासून मी एक सवय लावून घेतली आणि नव्या अधिकाऱ्यांनाही सांगत आलो. घटनास्थळी गेल्यावर आधी विचारावे, इथे कोणाला गप्प केले गेले. तिथे दोघांना गप्प केले होते. एकाच्या तोंडात कापूस होता, दुसऱ्याच्या तोंडात बटण.

पुढच्या दसऱ्याला ऑपरेटरच्या बहिणीने मला आणि हवालदार बाईंना बोलावले. ऑपरेटर आता दुसऱ्या एका साईटवर तसाच लिफ्टर चालवत होता. पूजा तिथेच होती. कुंकू चौकटीच्या लोखंडावर लावले होते, पॅड धुतलेल्या पंच्याच्या तुकड्यांनी झाकले होते, चार्जर आपल्या जागी आणि दिव्यांची माळ दुसऱ्या सॉकेटवर. भावोजी काठी टेकत आले होते. पाय वाचला होता, थोडा आखूड झाला होता. मेव्हण्याच्या खांद्यावर हात ठेवूनच ते उभे राहिले.

आरती सुरू झाली. मध्येच ऑपरेटर पुढे झाला आणि त्याने भोंग्याची चाचणी घेतली. भोंगा कर्कश ओरडला. भटजी दचकले आणि त्यांनी मागे वळून पाहिले.

"वाजांदे, भटजीनू," भावोजी म्हणाले. "त्येचा झाला काय मगे आपण म्हणूया."

भटजी थांबले. भोंग्याचे वाजून झाले आणि मग आम्ही आरती पुढे म्हटली.