मला ओळखणारे दोघं

वकिलाचा फोन आला तेव्हा बुधवारचे अकरा वाजले होते. माझं मुखत्यारपत्र आयकर खात्यात गुरुवारी संध्याकाळी पाचच्या आत जमा व्हायला हवं होतं, तरच शुक्रवारच्या सुनावणीला तो माझ्या वतीने बोलू शकणार होता. नाही झालं तर माझं म्हणणं न ऐकताच निकाल लागणार होता.

"फॉर्म पाठवतो काकाजी. तुमी फक्त सही करा आन् दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. तुमाले ओळखणारे पाहिजेत. घरचे चालत नाहीत."

त्याने 'फक्त' म्हटलं, आणि मीही हो म्हणून फोन ठेवला.

ही वेळ माझ्यामुळेच आली होती. निवृत्तीनंतर मी गावाबाहेरचा एक प्लॉट विकला, त्याबद्दल खात्याने तीन कागद मागितले. मी भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये आयुष्यभर लॉगबुक लिहिलेला माणूस, मला कोण शिकवणार? मी सुवाच्य अक्षरात चार पानं लिहिली. प्लॉट कसा घेतला, बायकोला तिथे सीताफळ कसं लावायचं होतं, ती गेल्यावर मी तो का विकला, सगळं लिहिलं. मागितलेले तीन कागद मात्र जोडले नाहीत. दुसरी नोटीस आली तेव्हा हैदराबादला असणाऱ्या माझ्या मुलाने कपाळाला हात लावला आणि दुर्गचा हा वकील शोधून दिला.

सुपेल्याच्या बाजारात जाऊन फॉर्मची प्रिंट काढली. हिंदीतला फॉर्म. खाली साक्षीदारांसाठी दोन चौकटी होत्या. नाव, पत्ता, मोबाईल, आणि शेवटी एक ओळ: आवेदक को कब से जानते हैं. ती ओळ वाचून मला बरं वाटलं. इतकी वर्षं एकाच सेक्टरमध्ये काढली, इथे मला न ओळखणारा कोण आहे, अशा थाटात मी स्कूटर काढली.

सगळ्यात आधी गेलो किराणावाल्याकडे. बारा वर्षं त्याच्याकडून माल घेतोय. तो भला माणूस आहे, लगेच पेन काढलं आणि म्हणाला, "कर देता हूँ अंकल. आपका शुभ नाम क्या है?"

मी नाव न सांगता चहापत्तीचा एक पुडा घेतला आणि निघालो. घरात दोन पुडे पडलेच होते.

मग घरी बसून डायरी उघडली. आमच्या ब्लॉकमध्ये सहा क्वार्टर आहेत. खालच्याला कुलूप, तो नागपूरला मुलीकडे. बाजूचा गोंदियाला घर बांधून गेला. वरचा वारला. मागच्या गल्लीतला माझ्याच शिफ्टचा होता, त्याला फोन लावला तर सुनेने उचलला, म्हणाली पापाजी आता कुणाला ओळखत नाहीत. उरलेल्या क्वार्टरांमध्ये नवी पोरं राहतात, मला पाहून 'नमस्ते अंकल' म्हणतात आणि गाडीला किक मारतात. डायरीतल्या नावांवर बोट फिरवत संध्याकाळ झाली. त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट कळलं की मी एकटा आहे. बायको गेल्यापासून एकटा राहत होतो, पण मला वाटायचं की ते फक्त घराच्या आतपुरतं आहे.

मुलगा फोनवर वैतागला. "बाबा, किसी से भी साइन करवा लो ना. इसमें क्या है?"

"कोणालेही कसं सांगू? खाली लिवलं आहे, कब से जानते हैं. खोटं लिवू?"

"ठीक है, देखो आप," म्हणाला, आणि त्याला मीटिंग होती.

वकिलाच्या मुन्शीचंही म्हणणं तेच. कोर्टापाशी गवाह मिळून जातील, तुम्ही या. मी त्याच्यावर ओरडलो. ज्याने माझं तोंडही पाहिलं नाही तो लिहिणार की मी याला ओळखतो, आणि मी ते सरकारला देणार? मुन्शी शांतपणे म्हणाला, "फिर आप देख लीजिए दादा, कल पाँच बजे तक." माझ्या नाकावर राग असतो हे खरं, पण त्या रागाने दोन सह्या मिळणार नव्हत्या.

एक दार होतं, आणि मला ते पहिल्यापासून माहीत होतं. रस्त्याच्या पलीकडचं, बरोबर समोरचं क्वार्टर. तो आणि मी एकाच साली भंडारा जिल्ह्यातून आलो, प्लांटच्या एकाच रेल मिलमध्ये, रूळ बनवायच्या खात्यात, लागलो. आम्ही कुणबी, ते बौद्ध. दोघांच्या बायकांनी लोणच्याच्या बरण्या अदलाबदल केल्या, मुलं एकमेकांच्या घरात वाढली. मग त्याच्या मुलीने एका छत्तीसगढी मुलाशी लग्न ठरवलं, दुर्गला कोर्टात. दोन्हीकडचे नातेवाईक रुसले. साक्षीदार हवे होते, म्हणून तो माझ्याकडे आला. मला वाटलं, उद्या काही लफडं झालं तर माझं नाव येईल. गावाकडचे काय म्हणतील हेही वाटलं, ते आता लपवून काय उपयोग. मी म्हणालो, त्या दिवशी ड्युटी आहे.

माझी त्या दिवशी साप्ताहिक सुट्टी होती. आणि आम्हा दोघांचा ड्युटी चार्ट एकाच बोर्डावर लागायचा.

तो "बरं भाऊ" म्हणून गेला. भांडला असता तर बरं झालं असतं. त्यानंतर मी त्याच्या घरी गेलो नाही. तो मात्र माझ्या बायकोच्या मातीला आला होता, शेवटपर्यंत थांबला होता, आणि मी त्याच्याशी एक शब्द बोललो नव्हतो.

गुरुवारी सकाळी दहा वाजता मी फॉर्म घेऊन आमच्या ब्लॉकच्या फाटकापाशी उभा होतो. रस्ता ओलांडायला मला पाऊण तास लागला. कोणत्या तोंडाने जाऊ, एवढंच डोक्यात. शेवटी त्यानेच पाहिलं.

"कावून उभे आहा भाऊ उन्हात? या अंदर."

मी बसलो नाही. "सही पाहिजे होती. साक्षीदाराची."

"आना इकडे." त्याने चष्मा शोधला, फॉर्म मांडीवर घेतला, आणि सरळ सहीची जागा पाहू लागला.

"वाचून तर घ्या," मी म्हणालो.

"वाचून काय करू? तुमी काही गलत लिवलं असन का?"

कब से जानते हैं या ओळीपुढे त्याने आम्ही भिलाईला आलो ते साल लिहिलं. मग आत हाक मारली. त्याची तीच मुलगी बाहेर आली. ती इथल्याच शाळेत शिकवते आणि वडिलांजवळच राहते, हे मी माझ्या खिडकीतून रोज पाहत होतो. तिने दुसरी चौकट भरली. शेवटच्या ओळीपुढे न थांबता तिने लिहिलं, 'जन्म से'. मग दोघांची आधारकार्डं काढली, सगळ्याचे मोबाईलवर फोटो घेतले आणि वकिलाला पाठवून दिले. माझ्या अख्ख्या दिवसाच्या कामाला तिला दहा मिनिटंही लागली नाहीत. साडेअकराला वकिलाचा निरोप आला की मुखत्यारपत्र ऑनलाइन जमा झालं, पावती मिळाली.

माझ्याने राहवलं नाही. "बेटा, तुझ्या टायमाले मी आलो नोयतो," मी म्हणालो. "माझी सुट्टी होती त्या दिवशी."

"मालूम आहे काकाजी." ती फॉर्मची घडी घालत होती. "पण काकू आल्या होत्या ना. पहिली सही त्याईचीच आहे आमच्या कागदावर." मग माझ्याकडे पाहून थांबली. "तुमाले सांगितलं नव्हतं त्याईनं?"

"सांगितलं होतं," मी म्हणालो.

घरी आलो, फॉर्म डायरीत ठेवला आणि पलंगावर बसलो. लग्नाच्या त्या दिवशी, सुट्टी असताना, मी घरात लपल्यासारखा बसलो होतो आणि बायको सकाळीच म्हणाली होती की दुर्गच्या बाजारातून ब्लाऊजचं कापड आणते. दुपारी तीनला रिकाम्या हाताने परतली. मी तिची थट्टा केली होती, अर्धा दिवस फिरून एक कापड नाही मिळालं?

"नाही पसंत पडलं," ती म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली. त्यानंतर सात वर्षं ती माझ्याबरोबर याच घरात होती.