डावा डोळा राहिला

गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की भिंगताई आधी स्वतःचे गार हात चोळायची. तपासणीची जड चौकट त्याच्या नाकावर ठेवताना "टोचतंय का?" विचारायची. मुलांना तक्ता वाचायला लावण्याआधी शाळेतल्या सगळ्यात खडूस बाई कोण, ते काढून घ्यायची. आणि प्रत्येक भिंग दोनदा दाखवायची, दुसऱ्यांदा उलट क्रमाने. पहिल्या उत्तरावर तिने कधी नंबर लिहिला नाही. "माणूस घाईत काहीही बोलतो," म्हणायची. "दोन्ही वेळा तेच आलं तर खरं."

चष्म्याच्या दुकानात ती नंबर काढायची, मी फ्रेमा विकायचे. साहित्यात एम. ए. केलेल्या मुलीला दुसरं काय मिळणार.

मग एका मोठ्या कंपनीने दुकान घेतलं. सगळ्यांना संगणकावर स्वभावचाचणी द्यावी लागली. 'समारंभात तुम्ही कोपऱ्यात बसता की मध्यभागी?' असले प्रश्न. भिंगताई 'शांत विचारक' निघाली. अशांना गिऱ्हाइकांपुढे बसवायचं नाही, हे वरून ठरलेलं. तिला मागच्या खोलीत, भिंगं घासायच्या मशीनवर पाठवलं.

घरी तिचा दीर म्हणाला, "वहिनी, शांत विचारक भांडत नाहीत म्हणे. दादाचं नशीब उघडलं."

काही दिवसांनी तिने तीच चाचणी पुन्हा दिली. आता ती 'मनमोकळी संवादक' होती. आम्ही दोघी मॅनेजरकडे गेलो.

"सर, एवढ्यात माझा स्वभाव पालटला?"

"दुसऱ्या वेळी प्रश्न माहीत असतात, ताई. पहिलाच निकाल धरतात."

"मी असे नंबर काढले असते तर ठेवलं असतंत मला?"

"चष्मा वेगळा. ही चाचणी शास्त्रीय आहे. जगभर वापरतात."

"जगभर वापरतात म्हणून खरी?" मी विचारलं.

त्याने पडद्यावर माझं नाव शोधलं. "तुम्ही 'भावुक कलावंत'. मग चालायचंच."

त्यानंतर ती मशीनपाशीच जेवायला लागली. बोलावलं तर म्हणायची, "नको गं. मी तशीच असेन." मला वाटायचं, थट्टा करतेय.

काल माझं डोकं दुखत होतं. जेवणाच्या सुट्टीत मी तिला ओढतच तपासणीच्या खोलीत नेलं. तिने हात चोळले. चौकट चढवली, डाव्या डोळ्यावर काळी झाकणी लावली. भिंगं दाखवली, उलट क्रमाने पुन्हा दाखवली. "आता सांग, कुठलं स्वच्छ?" आवाज अगदी पूर्वीचा. उजव्याचा नंबर तिने लिहिला.

दारात मॅनेजर उभा होता. तो ओरडला नाही. "ताई, कशाला? तुम्हालाच त्रास होतो याचा."

ती भांडेल, असं मला वाटलं.

"हो सर. माणसांत मला जमत नाहीच," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. तिला ते पटलं होतं.

हातातलं भिंग पुसून तिने पेटीत ठेवलं आणि मागे गेली. मशीन सुरू झालं. चौकट माझ्या नाकावर तशीच होती, डाव्या डोळ्यावर झाकणी.