कंडक्टरचं शेत

आमच्या गावाहून सुटणाऱ्या सकाळच्या एसटीचा कंडक्टर आधी हवामान सांगतो, मग तिकिटं देतो. चष्मा कपाळावर चढवून, फोन डोळ्यांजवळ धरून ओरडतो, "दुपारून पानी हाय, फवारनी करू नका बाप्पा!" मागे कोणी बोलत असलं, तर "काकाजी, आयका नं," म्हणून पुन्हा पहिल्यापासून. तोवर बस हलत नाही. आम्ही कुरकुरतो, पण ऐकतो.

पूर्वी तालुक्याच्या हवामानाचा मेसेज सगळ्यांच्या फोनवर फुकट यायचा. तो बंद झाला. आता एका कंपनीचं ॲप आहे. वर्गणी भरायची, नकाशावर आपलं शेत दाखवायचं, मग तेवढ्याच जागेचा अंदाज मिळतो. गावात ते कोणीच घेतलं नाही. यानं घेतलं.

परवा त्याचं ऐकून मी सोयाबीनच्या ढिगावर ताडपत्री टाकली आणि संध्याकाळी पाऊस कोसळला. दुसऱ्या सकाळी बसच्या दारातच त्याचे आभार मानले. सहज विचारलं, "भाऊ, तुमचं वावर कुठं हाय?"

"मले कायचं वावर? वर्ध्यात किरायानं राह्यतो."

"मंग ॲपमध्ये कोनतं शेत दाखवलं?"

"तुमचंच गाव दाखवलं. चढा आता, टाइम होऊन राह्यला."

त्यानं घंटीची दोरी ओढली. खिडकीतून ओली वावरं मागे सरकत होती. उद्या याची बदली झाली, तर आमच्या पावसाची खबरही त्याच्यासोबत दुसऱ्या रूटवर जाईल, हे तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं.