डिंकमावशी आणि पाच टेबलांची डबी

मंगळवारी सकाळी आमच्या जिन्यात बातमी आली की डिंकमावशींचं लग्न ठरलं. दुपारपर्यंत नवरदेव बोटीवरचा निवृत्त कप्तान झाला होता आणि संध्याकाळी त्याला एक बंगला आणि दोन कुत्रे मिळाले. कुत्रे माझे. म्हणजे बातमीत मी घातलेले. खोटं कशाला बोलू, आयती हातात आलेली बातमी तिखटमीठ न लावता पुढे सरकवणं मला जमत नाही.

पण पुरावाच तसा भक्कम होता. अठ्ठावन्न वर्षांच्या, बिनलग्नाच्या मावशी दारोदार फिरून जुन्या लग्नपत्रिका मागत होत्या. आणि नुसत्या मागून नेत नव्हत्या. पत्रिका चिमटीत धरून कागद चोळायच्या, कोपरा वाकवून बघायच्या, नाकाशी नेऊन हुंगायच्या. एवढ्या बारकाईनं पत्रिका कोण बघतं? ज्याला स्वतःची छापायची असते तोच! आमच्या दारात आल्या तेव्हा बायकोनं कपाटाच्या तळातून आमची चोवीस वर्षांपूर्वीची पत्रिका काढून दिली. मावशींनी ती वाकवून सोडली. ती पुन्हा ताठ उभी राहिली.

"जाड आहे. टिकेल," मावशी म्हणाल्या.

"टिकवलंय म्हणून टिकलंय," बायको माझ्याकडे बघत म्हणाली.

मी लगेच तोंड घातलं. "मावशी, मग तारीख कधीची?"

"शनिवारची."

"इतक्या लवकर! आणि वेळ?"

"दुसरा आणि तिसरा तास. चौथीचा वर्ग."

झालं. कप्तान, बंगला, कुत्रे, सगळं एका वाक्यात पाण्यात. मागच्या गल्लीतल्या शाळेतल्या हस्तकलेच्या बाई बाळंतपणासाठी रजेवर गेल्या होत्या, त्या परत येणार नव्हत्या, आणि मावशी कुणालाही न विचारता थेट मुख्याध्यापिकेसमोर जाऊन उभ्या राहिल्या होत्या. मुख्याध्यापिकेनं विचारलं, "कोर्स कुठला केलाय?" मावशी म्हणाल्या, "केला नाही. काम केलंय." मग बराच वेळ चष्म्याची काडी चावून मुख्याध्यापिका म्हणाली की शनिवारी दोन तास वर्ग घ्या, मी मागच्या बाकावर बसते. पोरांना जमलं तर तुम्ही, नाही जमलं तर पेपरात जाहिरात.

आता या मावशी कोण, ते सांगतो. छापखान्याच्या बांधणी खात्यात त्यांनी एकतीस वर्षं काढली. छापलेले मोठे कागद घडी घालून, शिवून, खळ लावून, पुठ्ठ्यात बसवून त्यांचं पुस्तक करायचं, हे त्यांचं काम. बोटांना कायम काहीतरी चिकटलेलं असायचं म्हणून आम्ही त्यांना डिंकमावशी म्हणू लागलो. त्यांनी दाराची कडी धरली की कडी त्यांना धरायची. आठ महिन्यांपूर्वी छापखाना बंद झाला. तेव्हापासून मावशी रोज सकाळी आठला कपडे करून, डबा भरून, पिशवी खांद्याला अडकवून तयार व्हायच्या आणि स्वतःच्याच घरातल्या खिडकीपाशी खुर्चीत बसायच्या. एक वाजला की पिशवीतून डबा काढून जेवायच्या. मी भिंतीपलीकडे राहतो, मला सगळं दिसतं. या एका गोष्टीवर मात्र मी आजवर जिन्यात विनोद केलेला नाही.

घर भावाचं. भाऊ बोलत नाही, आणि भावाची बायको त्याच्या वाटणीचंही बोलते. शाळेचं ठरल्यापासून जेवणाच्या टेबलावर कात्र्या, पट्ट्या, दोऱ्याची रिळं आणि मावशींची लाडकी हाडाची पट्टी पसरली. ही पट्टी घडीवरून फिरवली की घडी अशी बसते की इस्त्रीनं लाजावं. गॅसवर खळ शिजत होती.

"वन्सं, पीठ खाण्यासाठी असतं!" वहिनींचा आवाज भिंतीतून आमच्याकडे आला.

"खाल्लं की संपतं. चिकटवलं की राहतं," मावशींचं उत्तर.

बुधवारी भाऊ कामावरून भुकेला आला, पातेलं उघडं दिसलं, त्यानं ताटलीत ओतून घेतलं. तीन चमचे खाऊन म्हणाला, "मीठ जरा कमी आहे." लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण स्वयंपाकाबद्दल त्याचं हे पहिलंच मत. ते खळीबद्दल निघालं म्हणून वहिनी दोन दिवस बोलल्या नाहीत. घरात एवढी शांतता कधीच नव्हती.

शुक्रवारी संध्याकाळी मावशींनी रंगीत तालीम ठेवली. विद्यार्थी आम्ही: मी, माझी बायको, वरच्या मजल्यावरचा बँकेतला कॅशियर, खालची नर्सबाई आणि नाइलाजानं वहिनी. जिन्याच्या चौकात पाच पाट मांडले.

वस्तू साधी. लग्नपत्रिकेची झाकणाची डबी. रिकाम्या बॉलपेनानं पत्रिकेवर चारी बाजूंनी दाबून रेघा ओढायच्या. शाई नको, नुसता दाब हवा, म्हणजे जाड कागद न फाटता वळतो. मग कोपऱ्यांत चार काप. मग कडा उभ्या करून पट्टीनं घडी बसवायची. मग कोपऱ्यांच्या जिभांना खळ लावून आत चिकटवायच्या. शेवटी वाळेपर्यंत कपड्यांचे चिमटे लावून ठेवायचे. दुसऱ्या पत्रिकेचं असंच झाकण, फक्त त्याच्या रेघा काठाच्या सुतभर जवळ, म्हणजे झाकण सुतभर मोठं होतं आणि सर्रकन बसतं. चिमटे मावशींनी अख्ख्या इमारतीच्या दोऱ्यांवरून गोळा केले होते. त्या दिवशी माझा बनियन उडून कॅशियरच्या गॅलरीत गेला आणि कॅशियरनं तो पावती दिल्यासारखा घडी करून परत दिला.

मावशींनी टाळी वाजवली. "चला! रेघ तुम्ही. काप तुम्ही. घडी वहिनी. खळ नर्सबाई. चिमटे कॅशियर. झालं की पुढे सरकवा!"

आणि अहो, काय वेग! पत्रिका या पाटावरून त्या पाटावर नुसत्या धावत होत्या. बायको रेघा ओढतेय, मी खचाखच कापतोय, वहिनी पट्टी फिरवताफिरवता "अगोबाई, बसली की!" म्हणून ओरडतायत. कॅशियरच्या कपाळावर घाम. अर्ध्या तासात एकवीस डब्या जिन्याच्या पायऱ्यांवर रांगेत उभ्या! सोनेरी अक्षरांच्या, लाल नक्षीच्या, एकीच्या झाकणावर तर आमची दोघांची नावं. आम्ही टाळ्या पिटल्या. मावशींचे डोळे आठ महिन्यांत पहिल्यांदा चमकताना बघितले.

त्याच रात्री जेवायच्या आधी कॅशियर आपल्या बायकोसमोर ऐट मारायला बसला. पत्रिका घेतली, फिरवली, उलटी केली, आणि शेवटी पत्रिकेच्या चार बाजूंना चार चिमटे लावून दिले. ते ऐकून आम्ही पोट धरधरून हसलो. हसताना एकाच्याही डोक्यात आलं नाही की यात काहीतरी चुकलंय. माझ्यासुद्धा. आणि नेमक्या अशा गोष्टी हेरायची तर माझी ख्याती!

शनिवारी सामानाच्या दोन पिशव्या उचलायला मी गेलो. (बायको म्हणते, बघायला गेलो. दोन्ही खरं.) निघताना वहिनी दारापर्यंत आल्या आणि मावशींच्या पिशवीत काहीतरी कोंबलं. त्यांची स्वतःची पत्रिका. चार दिवस "सापडत नाही" म्हणून सांगितलेली.

"कमी पडली तर वापरा," त्या म्हणाल्या. "पण डबी मला परत हवी, वन्सं. आणि कापताना आमच्या नावावरून कात्री नको."

चौथीचा वर्ग म्हणजे अडतीस पोरं आणि बाजारासारखा कालवा. मुख्याध्यापिका मागच्या बाकावर चष्मा कपाळावर ठेवून बसली. मावशींनी बाकं हलवून पाच टेबलं केली, एकेका टेबलाला त्याचं काम शिकवलं आणि टाळी वाजवली. पोरांची मजा सुरू झाली! "ए, पुढे दे!" "अरे लवकर, माझं टेबल रिकामं आहे!" "मावशी, चिमटे संपले!" पंचवीस मिनिटांत खिडकीत अठ्ठावीस डब्या. मी तर मनातल्या मनात मावशींच्या नावाची पाटी रंगवायला घेतली होती.

मुख्याध्यापिका उठली. एक डबी उचलली, झाकण उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. मग पहिल्या टेबलाशेजारच्या दोन वेण्यांच्या मुलीला म्हणाली, "छान. तू ही डबी कशी केलीस ते मला दाखव."

"मी नाही केली, बाई. मी फक्त कापते."

"आणि तू?" तिनं पलीकडच्या टेबलावरच्या मुलाला विचारलं.

"मी खळ लावतो. रेघा त्यांच्या टेबलावर असतात."

मुख्याध्यापिकेनं डबी खाली ठेवली. "मावशी, हा कारखाना झाला. मला वर्ग हवा होता. ही पोरं घरी जाऊन काय करणार? प्रत्येकानं पाचवा हिस्सा?"

मला कॅशियरच्या पत्रिकेला लावलेले चार चिमटे आठवले. मावशी पाच टेबलांकडे बघत उभ्या राहिल्या. एकतीस वर्षं त्यांनी काम असंच पाहिलं होतं: माणूस जागेवर, कागद फिरता. हातातली पट्टी त्यांनी एकदा पालथी केली, एकदा उताणी केली. मला वाटलं, आता पिशवी उचलतात आणि पुन्हा खिडकीपाशी जाऊन बसतात.

"किती वेळ आहे?" त्यांनी विचारलं.

"वीस मिनिटं."

"छापखान्यात मी आधी नुसत्या घड्या घालायचे," मावशी पोरांना म्हणाल्या, मुख्याध्यापिकेला नाही. "कुणी आली नाही की मी तिच्या स्टुलावर जाऊन बसायचे. शिवणं तिथं शिकले, खळ तिथं शिकले. स्टूल बदलल्याशिवाय काही येत नाही." आणि त्यांनी अशी टाळी वाजवली की खिडकीतली एक डबी खाली पडली. "माल जागेवर राहू दे! माणसं सरका!"

मग जे झालं त्याला वर्ग म्हणावं की जत्रा, मला ठाऊक नाही. टाळी वाजली की अडतीस पोरं धडाधड पुढच्या टेबलावर. कुणाची वही तिकडे, कुणाची चप्पल इकडे. कापणारे खळीत, खळवाले चिमट्यांत! "अगं, दाबून ओढ रेघ, नाहीतर फाटेल!" मघापर्यंत नुसतं "पुढे दे" ओरडणारी पोरं आता एकमेकांना शिकवत होती, कारण त्या टेबलावरचं काम त्यांनी आत्ताच केलेलं होतं. एकाचा सदरा टेबलाला चिकटला, तर तो टेबलासकट सरकायला निघाला. मावशी मधोमध उभ्या, हाडाची पट्टी वर धरून, आवाज खणखणीत: "सरका! सरका! राहिली एकच टाळी!" मी कोपऱ्यात उभा होतो, मलाही कुणीतरी ढकलून रेघांच्या टेबलावर बसवलं. मी ओढल्या रेघा. का नाही ओढणार?

पाचवी टाळी झाली तेव्हा घंटेला तीन मिनिटं होती. मुख्याध्यापिका पुन्हा त्याच दोन वेण्यांच्या मुलीकडे गेली. "आता?"

"पत्रिका द्या, बाई."

पत्रिका संपल्या होत्या. मावशींनी पिशवीत हात घातला आणि वहिनींची पत्रिका बाहेर आली. त्यांनी क्षणभर ती धरून ठेवली, मग "नावांवरून कात्री नको" म्हणत पोरीच्या हातात दिली. मी वहिनींना ओळखतो, म्हणून कात्रीवरच डोळा ठेवला. पोरीनं पालथी घालून रेघा ओढल्या. नावं कुठे आहेत ते उचलून पाहिलं. चार काप दिले, नावांना धक्का नाही. घडी घातली, पट्टी फिरवली, खळ लावली, चिमटे लावले. मुख्याध्यापिका मदत म्हणून एक कड दुमडायला गेली तर पोरगी म्हणाली, "बाई, रेघेच्या अलीकडे नका दुमडू. फुटते."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. तो मी होतो. मुख्याध्यापिकाही हसली.

घंटेनंतर आम्ही तिच्या खोलीत गेलो. वहिनींची डबी, चिमट्यांसकट, मावशींनी मांडीवर धरली होती. मुख्याध्यापिकेनं कपाटातून शिक्षकांची नोंदवही काढली. जाड, काळ्या पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली. "सोमवारपासून या," ती म्हणाली. मावशींच्या मांडीवरच्या डबीचा एक चिमटा फटकन निसटून माझ्या नाकाला लागला. मुख्याध्यापिकेनं नाव लिहिलं, वय लिहिलं, मग तिचं पेन थांबलं.

"पात्रतेचा रकाना आहे हो. रिकामा ठेवता येत नाही. कोर्स नाही, प्रमाणपत्र नाही. इथे मी लिहू तरी काय?"

मावशींनी ती वही तिच्या हातातून काढून घेतली, मिटली, उलटी केली आणि तिच्या कण्यावरून अंगठा फिरवला. मग ती परत टेबलावर ठेवून म्हणाल्या, "ही आमच्याच छापखान्यातली आहे, शिवण माझी आहे. तुमचे सगळे कोर्सवाले यात गेली चौदा वर्षं बसलेत आणि एक पान सुटलेलं नाही. तेवढंच लिहा."